सुर्ला ते पेडणे, तेलाशिवाय

भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेतो. पंचवीस वर्षं सुर्ल्याच्या खाणींवर ट्रक चालवले... इंजिन जगतं ते तेलावर, नवसावर नाही, हे मी कितीजणांना ऐकवलंय! माझी जुनी डिझेल गाडी चार लाख किलोमीटर पळाली ती त्याचमुळे. वेळेवर तेल, वेळेवर फिल्टर आणि थंड इंजिनाला कधी रेस नाही.

गेल्या डिसेंबरात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुलभाचं लग्न होतं. दुसरं लग्न. नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा घरात नुसती बसून राहायची. म्हणून मी तिला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं. पुढे शाळेची मुलं ने-आण करायला लागली आणि हळूहळू हसायला लागली. नवरदेव वसंतराव पेडण्याचे, काजूच्या बागा असलेले. मुहूर्त अकराचा, तिथल्याच देवळात.

आदल्या संध्याकाळी मी गाडीचं तेल बदललं. घरात पाहुणे, शंभर हाका... सकाळी बघतो तर सुलभा शालू नेसून ड्रायव्हरच्या सीटवर!

"अगो, नवरी कधी गाडी चलवता?"

"आज मीच चलवतलंय, दादा. तू बाजूक बस."

मागे आई आणि मावशी. डिचोली गेली, म्हापसा गेलं, कोलवाळचा पूल गेला. नेहमी टकटक करणारं इंजिन त्या दिवशी इतकं मऊ चालत होतं, की मावशी म्हणाली, "गाडी बंद पडली काय गो?" आम्ही सगळे हसत सुटलो. सुलभा तर गातच होती. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा एकदाही लागला नाही. मी शपथेवर सांगतो.

साडेदहाला पोचलो. अक्षता पडल्या, आई रडली, वसंतराव तिच्याहून जास्त रडले. जेवण चालू असताना शेजारच्या काकीचा फोन आला.

"बाबू, तुमच्या आंगणात तेलाचा तळा झालाहा. मधी एक बोल्ट पडलोहा. तुझो काय रे तो?"

ताट तसंच ठेवून धावलो. तेल मोजायची पट्टी ओढली, तर कोरडी. खाली वाकून पाहिलं, तर तेलाच्या चेंबरचा, जुनं तेल सोडायचा बोल्टच नाही. मीच घट्ट करायला विसरलो होतो. चाळीस किलोमीटर, तेलाचा थेंब नसताना!

गाडी ओढून डिचोलीच्या गॅरेजला नेली. बेळगावकडचा म्हातारा मेस्त्री, त्याने इंजिन उघडलं आणि एकेक भाग पुसून उजेडात धरला. बेअरिंगवर ओरखडा नव्हता. लाल दिवाही तपासला, ठणठणीत.

"भाऊ, पाच किलोमीटरात जाम व्हायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "कुणाचं लग्न होतं म्हणालात?"

"बहिणीचं."

त्याने दोन्ही हात पुसले आणि इंजिनाला नमस्कार केला. मग... मीही केला. का केला, ते अजून सांगता येत नाही.