फुटक्या रांजणामागचं दार

शहरातल्या जुन्या वस्तूंच्या संग्रहालयात एक गाईड होता आणि त्याला एक पोट होतं. पोट सगळ्यांनाच असतं. पण इतरांकडे पोट असतं. इथे पोटाकडे गाईड होता. कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, लग्नाचं आमंत्रण स्वीकारायचं की ऐन वेळी ‘बरं वाटत नाही’ म्हणून कळवायचं, हे सगळं पोट ठरवायचं. गाईड फक्त निरोप पोचवायचा.

रोग नवा नव्हता. तपासण्या म्हणाल तर झाल्या होत्या. खालून नळी झाली, वरून नळी झाली. मधला भाग तेवढा दोन्ही नळ्यांना चुकवून राहिला असावा असा गाईडचा संशय होता. डॉक्टरांनी रिपोर्ट उजेडात धरून कौतुकाने पाहिला. ‘‘आतडं इतकं छान आहे की पाठ्यपुस्तकात छापावं,’’ ते म्हणाले. ‘‘फक्त स्वभावाने चिडकं आहे. त्याच्या कलाने घ्या.’’

‘‘म्हणजे माणूस चिडत नाही, आतडं चिडतं,’’ बाहेर आल्यावर बायको म्हणाली. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, त्यामुळे चिडक्या लोकांच्या कलाने घ्यायची तिला सवय होती.

रिपोर्टमध्ये काहीच निघालं नाही याचं सगळ्यांत जास्त वाईट नातेवाइकांना वाटलं. एखादा खडा, निदान लहानसा व्रण निघाला असता तर भेटायला येता आलं असतं, सफरचंदं आणता आली असती. नॉर्मल रिपोर्टच्या माणसाकडे कोणत्या तोंडाने जायचं? मग त्यांनी सफरचंदांऐवजी सल्ले आणले. मेहुणा तर दर भेटीत नवा सल्ला घेऊन यायचा. गेल्या वेळी दूध सोडायचं होतं. या वेळी फक्त दूधच प्यायचं होतं.

‘‘भावजी, मनावर घेऊ नका, सगळं मनाचं असतं,’’ तो म्हणायचा.

‘‘मन पोटात असतं का रे?’’ बायको आपल्या भावाला विचारायची.

‘‘यांचं असेल,’’ मेहुणा म्हणायचा आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा. गाईड समोर मऊ भात आणि उकडलेला भोपळा घेऊन बसलेला असायचा. मेहुण्याने हाणलेल्या तिखटातलं बोटभरसुद्धा खाल्लं तर पुढचे दोन दिवस आत कोणीतरी ओला कपडा पिळावा तसं पिळलं जायचं. कळ यायची, घाम फुटायचा, पायांतली शक्ती जायची. ते सहन होई. सहन होत नसे ते कळ यायच्या आधीचं. कुठल्याही खोलीत शिरलं की माणसांच्या आधी दारं मोजायची, बसमध्ये मागच्या बाजूला उतरायच्या दाराशीच उभं राहायचं, आणि कोणी ‘चला, जरा लांब फिरून येऊ’ म्हटलं की त्याला मनातल्या मनात जन्माचा वैरी समजायचं.

शाळेच्या कार्यक्रमात मुलीने कविता म्हटली, तेव्हा बाबा दाराजवळच्या खुर्चीवर होते. तिने पहिलं कडवं म्हटलं, वर पाहिलं, तर खुर्ची रिकामी. त्यानंतर ती कधी कार्यक्रमाला ये म्हणाली नाही. ‘‘तू आलास की मला टेन्शन येतं, बाबा,’’ एवढंच म्हणाली. तिला कुठल्याच डॉक्टरने नळी घातली नव्हती, तरी निदान अगदी अचूक होतं.

आता संग्रहालयाचं सांगायला हवं. इतर गाईड दगडी हत्यारांपासून सुरुवात करत आणि नाण्यांपाशी संपवत, म्हणजे इतिहास जसा घडला तसा. आपला गाईड वरच्या मजल्यावर नाण्यांपासून सुरू करायचा, मग एकदम खाली मातीच्या भांड्यांकडे यायचा आणि शेवटी दगडी हत्यारांपाशी तिकीटखिडकीजवळ पाहुण्यांना सोडायचा. ‘‘इतिहास मागे मागे वाचत गेलं की कारणं दिसतात,’’ तो सांगायचा. नाण्यांच्या दालनाला लागून स्वच्छतागृह होतं, तिकीटखिडकीशेजारी दुसरं होतं, आणि मधलं, सगळ्यांत मोलाचं, मातीच्या भांड्यांच्या दालनात होतं. ही इमारत पूर्वी कसलं तरी कार्यालय होती. त्या काळचा एक जुना संडास फुटक्या रांजणामागे, भिंतीच्याच रंगाच्या दाराआड राहून गेला होता. त्याची माहिती गाईडला होती आणि झाडणाऱ्या बाईंना. दोघेही त्याबद्दल बोलत नसत.

एकदा निवृत्त शिक्षकांचा गट आला होता. गाईड रांजणापाशी उभा राहून बोलायला लागला आणि ‘हा रांजण’ एवढे दोन शब्द होताहेत तोच आतून कळ आली. पुढचं वाक्य संपणार नव्हतं. तो घाईने म्हणाला, ‘‘आता मी काही सांगणार नाही. तुम्हीही बोलू नका. फक्त या रांजणाकडे बघा. मी हाक मारेपर्यंत.’’ आणि दिसेनासा झाला.

परत आला तेव्हा अख्खा गट जागच्या जागी उभा होता आणि एक बाई डोळे पुसत होत्या. ‘‘जन्मभर मुलांना सांगत आले, नीट बघा, नीट बघा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी स्वतः आज पहिल्यांदा बघितलं.’’ बाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. लोक चौकशी करत यायला लागले, की ते मौन करवून घेणारे गाईड कोणते. सहकाऱ्यांनी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. फार पोटतिडकीने काम करतो हो माणूस, असं लोक म्हणत, आणि याहून खरं त्याच्याविषयी कोणी काही बोललं नव्हतं.

मग नवे संचालक आले. ते परदेशी शिकून आले होते आणि संग्रहालयात वस्तू नसतात, अनुभव असतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी गाईडला बोलावून घेतलं.

‘‘तुमची ही पद्धत आली कुठून?’’

‘‘आतून आली, सर.’’

संचालकांनी ते टिपून घेतलं. गाईडची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती. पुढच्या वर्षी ती कायम करावी आणि बाकीच्या गाईडना शिकवायचं काम त्याच्याकडे द्यावं, असं संचालकांच्या मनात होतं. मात्र मौनाला जागा अपुरी पडत होती. ‘‘रांजणामागची भिंत पाडू,’’ ते म्हणाले. ‘‘मागे कसलीशी अडगळीची खोली आहे. ती काढली की प्रशस्त मौन दालन होईल. तुमच्याच कामाचा गौरव आहे हा.’’

गाईड घरी आला तो भिंतीला टेकून बसला.

‘‘सरळ सांगून टाका ना,’’ बायको म्हणाली. ‘‘पोटाचा त्रास आहे, तो संडास मला लागतो. एवढंच तर आहे.’’

‘‘काय सांगू? की लोक ध्यान लावून उभे असतात तेव्हा मी...’’

‘‘तेव्हा तुमचंही ध्यान लागलेलंच असतं की.’’

‘‘तुला चेष्टा सुचते. उद्या सगळे म्हणतील, हा माणूस इतकी वर्षं आम्हाला रांजण दाखवून पळत होता. नोकरी जाईल ती जाईल, वर हसं होईल.’’

‘‘आणि खोली गेली तर काय होईल?’’

 याचं उत्तर त्याला दुसऱ्या दिवशी बैठकीत सापडलं. संचालकांनी नकाशा पसरला तसा तो उभा राहिला. ‘‘सर, ती अडगळीची खोली नाही. मूळ कार्यालयाचं स्वच्छतागृह आहे ते. आतल्या फरश्या मूळच्या. वर लोखंडी टाकी आहे, तीही मूळची. ओढायची साखळी, तिच्या टोकाची लाकडी मूठ, सगळं जसंच्या तसं. असं काही आता कुठे उरलेलं नाही. हे पाडलं तर येणाऱ्या पिढ्या आपल्याला काय म्हणतील?’’

येणाऱ्या पिढ्यांचं नाव काढलं की संचालकांना राहवत नसे. ते उठून पाहायला गेले, फरशीवरून हात फिरवला (झाडणाऱ्या बाईंनी तोंडाला पदर लावला), आणि भिंत राहील असं जाहीर केलं. त्या संध्याकाळी गाईडने दोनदा भात घेतला.

उभी हयात संग्रहालयात काढलेला माणूस. पण जपायचं ठरलेल्या वस्तूचं संग्रहालय काय करतं, हे नेमकं तो विसरला. आठवड्याभरात ते दार उघडं ठेवण्यात आलं, आत दिवा लागला, आणि दाराबाहेर दोन पितळी खांबांना जाड तांबडी दोरी बांधली गेली. शेजारी पाटी: ‘मूळ कार्यालयीन स्वच्छतागृह. कृपया हात लावू नये.’ टाकीचं पाणी मात्र चालू ठेवलं होतं. कोरडी टाकी खोटी दिसते असं संचालकांचं मत होतं.

पुढचे दिवस गाईडने कसे काढले ते त्याच्या पट्ट्याला माहीत. त्याला नवी भोकं पाडावी लागली. सकाळी काही खायचं नाही, रात्री नावापुरतं. रस्ता बदलावा तर पुढच्या वर्षी याच रस्त्याने सगळे गाईड जाणार म्हणून संचालकांनी जमिनीवर बाण रंगवून घेतले होते. सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे मौन निरीक्षणाला त्याला स्वतःला हजर राहावं लागायचं. रांजणाशी त्याची खरी ओळख आत्ता झाली. तो बराचसा कुरूप होता. एका बाजूला पोट सुटलेलं, वर चीर गेलेली, आणि इतकी शतकं लोटली तरी ती चीर उघडीच. गाईड त्याच्याकडे बघायचा आणि दात आवळून कळ ओसरायची वाट पाहायचा. लोक म्हणायचे, बघा, अजूनही किती तल्लीन होतात ते.

अशातच कळलं की सरकारी खात्याच्या सचिव बाई पाहणीला येणार. संग्रहालय वाढवायचं की नाही हे त्यांच्या सहीवर होतं, आणि ते वाढलं तरच गाईडची जागा कायम होणार होती. ‘‘बाकी थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल,’’ संचालक म्हणाले, ‘‘पण मौन चोख झालं पाहिजे.’’

त्या दिवशी सकाळी तो चपला घालत होता. चेहरा पाहून मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, आली कळ तर सरळ जा. माझ्या वेळी गेलास ना, तसा.’’

बायकोने तिच्याकडे डोळे वटारले.

‘‘टोमणा नाही मारत गं. तो गेला तरी मी कविता पूर्ण म्हटलीच होती. कोणी मेलं नाही.’’ मग बाबाकडे न बघता पुटपुटली, ‘‘फक्त सांगून गेला असतास तर बरं झालं असतं.’’

नाण्यांपाशी सगळं सुरळीत झालं. बाई उंच, गंभीर होत्या. कमी बोलायच्या आणि पर्स घट्ट धरून चालायच्या. मागे संचालक, त्यांच्यामागे बाईंची माणसं. मंडळी रांजणापाशी आली. गाईडने तोंड उघडलं, आणि ज्याची भीती होती ते आलं. नेहमीसारखं पिळून नाही. पोटात कोणी गाठ मारून दोन्ही टोकं ओढावीत तसं. कपाळावर घाम आला. त्याने रांजणाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, पाटीवरचं ‘हात लावू नये’ वाचलं.

‘‘आता,’’ संचालक कुजबुजले, ‘‘मौन.’’

‘‘बाई,’’ गाईड म्हणाला, ‘‘मौनाआधी सांगायचंय. मला पोटाचा विकार आहे. बरीच वर्षं आहे. हे मौन वगैरे मी शोधून काढलं नाही. एकदा असंच झालं होतं आणि मला या दारातून जायचं होतं, म्हणून लोकांना रांजणाकडे बघायला लावलं. आत्ताही तेच झालंय. मी जाऊन येतो.’’

‘‘अहो, ती प्रदर्शनीय वस्तू आहे!’’ संचालकांचा आवाज फुटला.

गाईडने दोरी काढली, आत गेला आणि दार लावलं.

बाहेर जी शांतता पसरली तशी त्या दालनात कधीच झाली नव्हती. रांजणाकडे कोणी बघत नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते आणि दाराकडे बघत नसल्याचं दाखवत होते. काही वेळाने साखळी ओढल्याचा आवाज आला आणि ती लोखंडी टाकी, येणाऱ्या पिढ्यांसाठी जपलेली, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी गर्जली. पाण्याचा लोट खाली आला, पाइप थरथरले, पलीकडच्या कपाटातल्या मडक्यांनी किणकिण केली.

गाईड बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता, पण खांदे खाली आले होते. त्याने दोरी पुन्हा आकड्यात अडकवली.

‘‘टाकी चालू स्थितीत आहे,’’ तो म्हणाला. आता नोकरी गेलीच होती, तर माहिती तरी पुरी द्यावी.

संचालक बाईंपुढे आले. ‘‘मॅडम, मी मनापासून दिलगीर आहे. या माणसाचा करार आजच्या आज...’’

‘‘आत कडी लागते का हो?’’ बाईंनी गाईडला विचारलं.

‘‘लागते. जरा वर उचलून लावावी लागते.’’

‘‘सकाळपासून चार ठिकाणी पाहणी झाली,’’ बाई संचालकांकडे वळून म्हणाल्या. ‘‘चारही ठिकाणी चहा पाजला. इमारतीचा कोपरान् कोपरा दाखवला. हे एक कोणी दाखवलं नाही. धरा.’’

पर्स संचालकांच्या हातात आली. बाई दोरीपाशी उभ्या राहिल्या आणि थांबल्या. संचालकांना कळायला थोडा वेळ लागला. मग एका हाताने पर्स सांभाळत त्यांनी दुसऱ्या हाताने दोरी वर धरली.

दार बंद झालं. कडी वर उचलून लागल्याचा आवाज आला. गाईडने उरलेल्या मंडळींना हाताने खूण केली.

‘‘तोवर आपण रांजणाकडे बघू,’’ तो म्हणाला. ‘‘सर, तुम्हीसुद्धा.’’