कैलासदादाची छाती आणि वहिनीवरचा आळ

कैलासदादाला वहिनीनं मारलं न्हाई.

आज त्याचं वर्षश्राद्ध. भर पंगतीत आमची आत्या वहिनीसमोरच परत बोलली, "आदल्या राती काय घातलं होतं हिनं वांग्याच्या भरतात, देव जाणे."

मी ताटावरून उठलो. बोललो. पार गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ओरडण्यात अर्धं राहून गेलं, म्हणून इथं लिहून राह्यलो. सगळ्यांनी वाचा. भावकीनं दोनदा वाचा.

दादा माझा चुलतभाऊ. जाफराबाद-जालना जीप चालवायचा.

मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा सगळं घर माझ्यावर तुटून पडलं. दादा एवढंच म्हणाला, "सोडलं ते सोडलं. पण मंग रोज कॉलेजच्या टायमाला माझ्या जीपमधी कशाला बसतो रे?"

माहीत होतं त्याला. मला आवडायची ती पोरगी त्याच जीपनं कॉलेजला जायची.

तिला उशीर झाला की जीप भरलेली असली तरी दादा बोनेट उघडून उभा. पब्लिक शिव्या द्यायची. "इंजन गरम हाय," म्हणायचा आणि मला डोळा मारायचा.

ती हे वाचेल. वाचू दे. बिलकुल लाज न्हाई मला.

दादाला पित्ताचा त्रास. ढाब्यावरचं तिखट खाल्लं की सकाळी तांब्याभर मिठाचं पाणी प्यायचं, घशात बोटं घालायची आणि पित्त पाडायचं. आपल्याकडं अर्धी गल्ली हेच करते.

त्याचा आवाज एवढा, की शेजारी म्हणायचे, "उठा, कैलासचा भोंगा झाला."

त्या सकाळी त्यानं जोर लावला आणि मोरीतच खाली बसला. छाती धरून. घामाघूम.

"आतून टरकन फाटल्यावानी झालं रे."

सगळ्यांना वाटलं, अटॅक.

दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. सगळे खूश. "हार्ट ओके हाय, गॅस असंल," म्हणत घरी आणला.

पित्त पाडलं होतं हे डॉक्टरला कुणी सांगितलंच न्हाई. दात घासले हे कुणी सांगतं का डॉक्टरला?

संध्याकाळी ताप, धाप, मान सुजलेली. मानेवर बोट दाबलं की कातडीखाली करकर व्हायचं. जल्दी गाडी केली आणि संभाजीनगरला पळवलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिलंच विचारलं, "दुखायच्या आधी काय केलं होतं यांनी?"

सकाळच्या उलटीचं सांगितलं कुणी? वहिनीनं.

सीटी स्कॅन झाला. अन्ननलिका फाटली होती.

मॅडम म्हणाल्या, "जोरात उलटी काढताना फाटते कधीकधी. फार क्वचित. जेवणात काही दोष नव्हता. लवकर कळलं तर वाचायची आशा जास्त असते."

ऑपरेशन झालं. दादा शुद्धीवर आलाच न्हाई.

जेवणात दोष नव्हता. आत्या, हे डॉक्टरचं बोलणं आहे, माझं न्हाई.

आणि बाकीच्यांनी बराबर ध्यानात ठेवा. उलटीनंतर छातीत जोराची कळ आली, तर ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. उलटीचं डॉक्टरला स्वतःहून सांगा. आणि ती घशात बोटं घालायची सवय आजच बंद करा.

मघाशी वहिनी म्हणाली, "भाऊजी, जाऊ द्या. माझ्यापायी भांडू नका."

न्हाई वहिनी. हे जाऊ देणार न्हाई. तुमच्याबद्दल ज्याला बोलायचंय त्यानं माझ्यासमोर उभं राहून बोलायचं.

दादा, तू निवांत राहा.

तुझ्या माणसाला आता कुणी काही म्हणणार न्हाई.

नमस्कार, दादा.