हाल्वरचं डावं कोपर

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात उन्हाळ्यात ट्रकची काच वर करणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार आपटणं. हाल्वर त्वेइटने गव्हाचा ट्रक जन्मभर चालवला तो डावं कोपर खिडकीवर टेकवूनच. समोरून कुणी आलं की हात जरासा उचलायचा, की झाली विचारपूस.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं तेव्हा त्याने दुर्लक्ष केलं. पण कॅफेत पत्ते खेळताना हुकमाचं पानच हातातून गळून उताणं पडलं, तेव्हा बायको मार्लिसने त्याला दवाखान्यात नेलं.

"कोपरामागची नस दबलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कोपर टेकवणं बंद. नाहीतर हात कामातून जाईल."

"बंद? म्हणजे हात काय गुंडाळून फडताळात ठेवू?" हाल्वर कडाडला. पण पंज्यातला जोर जाईल या धास्तीने त्याने काच वर केली, कोपराला उशी बांधली आणि दोन्ही हातांनी चाक धरून, नाकासमोर बघत, धुमसत गाडी हाकू लागला.

आठवडाभरात गाव पेटलं. मार्लिसला फोन यायला लागले, "अगं, हाल्वरला झालंय काय? ओळखही दाखवत नाही!" बोटांची चौकशी मात्र एकानेही केली नाही. हाल्वरचं डोकं भडकलं ते त्यामुळेच.

शेवटी शेजारच्या शेतातला आर्नी स्कोग्लुंड रस्त्यात आडवाच उभा राहिला.

"बोल! कुठे दुखावलं मी तुला?"

"अरे गाढवा, नस दबलीय माझी! हे बघ!" हाल्वरने पंजा नाचवला. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस बसून तिथे खळगा पडला होता.

"एवढंच होय?" आर्नी म्हणाला. "हे तर मलाही आहे. वय झालं की होतंच."

त्याने आपला डावा पंजा पुढे केला. खळगा हाल्वरच्या दुप्पट. करंगळी आकड्यासारखी वाकलेली. हाल्वरने ती चिमटली. आर्नीला पत्ताच नाही.

"कधीपासून?"

"दोन-तीन सुग्या झाल्या असतील."

"आणि गप्प बसलास? रुसव्याची चौकशी करायला भर रस्त्यात उभा राहतोस, आणि हात वाळून चाललाय तो दिसत नाही? बस गाडीत!"

"अरे, पण कापणी..."

"करणार कशाने, दाताने?"

हाल्वरने त्याला दंडाला धरून आत ढकललं आणि दवाखान्यापर्यंत सबंध वाट त्याला शिव्या घातल्या.