टॅपेट कव्हरवरची रांगोळी

लग्न होऊन पुण्याहून कलकत्त्याला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि मला हसू आवरत नसे. गुण म्हणून सांगत नाही, खोडच होती. बालीगंजच्या आमच्या घरमालकीणबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, की ही सून हसते तेव्हा आमच्या तळमजल्यावरची भांडी वाजतात. सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणे, म्हणजे मावशी. लाल काठाची साडी, पदराला किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेला धार. वरचा मजला आमच्याकडे भाड्याने होता, आणि दारापुढच्या छपराखाली, ज्याला तिथे गाडीबारांदा म्हणतात, आमची गाडी उभी असे.

गाडी युद्धाच्या आधीची, विलायती, दोन मालकांची सेवा करून आमच्याकडे आलेली. ती रोज रात्री फरशीवर तेलाचा एक काळा डाग ठेवी, रुपयाएवढा. माझे यजमान गणिताचे प्राध्यापक. "गळायचं थांबलं की तुला चालवायला शिकवतो," असं ह्यांनी मला वचन दिलं होतं. त्या भरवशावर मी रोज दुपारी सामसूम झाली की खाली जाऊन त्या बंद गाडीत बसे, चाक धरून खंडाळ्याचा घाट चढे, आणि तोंडाने भोंगाही वाजवी. हे कुणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

आपल्या कोजागरीच्या दिवशीच तिकडे लक्ष्मीची पूजा असते. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत तांदळाच्या ओल्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढतात. पौर्णिमेच्या आठ दिवस आधी माशीमांनी बोट रोखून सांगितलं, "लक्ष्मीच्या वाटेवर तेलाचा एक थेंब दिसला तर गाडी माझ्या दारात राहणार नाही." दुसरी जागा नव्हती. ह्यांच्या कॉलेजातले एक गृहस्थ गाडी घ्यायला टपूनच बसले होते. म्हणजे गाडी जाणार आणि तिच्याबरोबर माझा घाटही जाणार. मी दोन दिवस हसले नाही. हे घाबरले.

मिस्त्री आला. इंजिनाच्या तळाशी तेलाची टाकी असते, तिला तो चेंबर म्हणे. त्याने चेंबरचे सगळे बोल्ट आवळले. थेंब पडतच राहिला. मग ह्यांनी कागदावर आकृती काढून सिद्ध केलं, की थेंब तळातून पडतो, म्हणून गळती तळालाच असली पाहिजे. मिस्त्रीने बोल्ट पुन्हा आवळले. मला राहवेना. "अहो, माझ्या माहेरी छप्पर गळायचं न्हाणीशी आणि पाणी टपकायचं देवघरात," मी म्हटलं. "तेल वरूनच ओघळत येत असेल तर? आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी चाललंय तुमचं."

"वरून येतंय हे दाखवणार कसं?" हे म्हणाले. "सगळं इंजिनच काळं आहे."

काळ्यावर काय दिसतं, हे पुण्याच्या मुलीला विचारायचं! आईने बरोबर दिलेला रांगोळीचा डबा मी वरून आणला. माशीमा त्या रांगोळीला नाक मुरडत. त्यांची रांगोळी, म्हणजे आलपना, ओल्या पिठाची. त्यांचं म्हणणं, वाऱ्याने उडते तिला काय आलपना म्हणायचं! मी रॉकेलच्या फडक्याने इंजिन मागेपुढे पुसलं, सुकू दिलं आणि चिमटीने रांगोळी भुरभुरली. सगळं इंजिन पांढरंशुभ्र झालं. हे पुढे वाकून निरखत होते. मी आत बसून इंजिन सुरू करायचं बटण दाबलं.

इंजिनाला पंखा असतो हे आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

धूर नव्हे, ढग उठला. तो विरला तेव्हा समोर हे उभे होते. चष्मा पांढरा, मिशा पांढऱ्या, तोंड उघडंच, आणि मागे पूजेचं सामान घेऊन आलेल्या माशीमा. "ए की कांडो!" हा काय प्रकार, म्हणून त्या ओरडल्या. मी चाकावर डोकं ठेवून इतकी हसले की भोंगा दाबला गेला आणि तो वाजतच राहिला. हे शिंकत होते, माशीमा "बौमा, बौमा" म्हणजे सूनबाई, सूनबाई करत होत्या, आणि शेवटी त्याही खांबाला धरून हसायला लागल्या. वाऱ्याने उडते हे त्यांनी मला सांगितलं होतंच, असं त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

डब्यात मूठभर रांगोळी उरली होती. ह्यांनी पंख्याचा पट्टा काढला. दोन मिनिटं इंजिन पंख्यावाचून चालतं. मी उरलेली रांगोळी भुरभुरली, पुन्हा बटण दाबलं आणि आम्ही तिघांनी माना खुपसल्या. इंजिनाच्या डोक्यावर एक लांबट झाकण असतं, टॅपेट कव्हर. त्याच्या मागच्या कोपऱ्यातून एक बारीक काळी रेघ निघाली आणि पांढऱ्यावरून सरळ खाली उतरत तळाशी गेली. "वरून," हे हळूच म्हणाले. मी मान उंच केली.

झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग वाळून तडकलं होतं. ह्यांनी मल्लिकबाजारातून, जिथे मोटारींचं सामान मिळतं, बुचाचा तक्ता आणला. त्यावर झाकण ठेवून मी खडूने आखलं आणि ब्लाउजचा गळा कापावा तसं माझ्या शिवणाच्या कात्रीने ते कापून काढलं. कात्री बोथट झाली ती कायमची. ह्यांनी पॅकिंग बसवून झाकण आवळलं.

रोज सकाळी उठून मी आधी फरशी बघे. पहिल्या दिवशी कोरडी. तिसऱ्या दिवशीही कोरडी. पौर्णिमेच्या सकाळी तर मी पालथी पडून बोट फिरवून पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी माशीमांसाठी कोजागरीचं केशरी दूध घेऊन खाली उतरले, मागून हे. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत इवली इवली ओली पावलं उमटली होती. पण मध्येच एक जोडी रांगेतून फुटून उजवीकडे वळली होती आणि गाडीच्या दाराशी जाऊन थांबली होती. चालवणाऱ्याच्या दाराशी.

"रोज दुपारी तोंडाने भोंगा वाजवतेस," माशीमा पीठ कालवता कालवता म्हणाल्या, "मला झोप म्हणून लागत नाही. आता एकदाची खरी चालव."

मला इतका आनंद झाला, की एवढा लग्नातही झाला नव्हता, आणि हे मी ह्यांच्यासमोर बोलून बसले. ह्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि हे वळसा घालून पलीकडच्या दाराने आत जाऊन बसले. पावलं अजून ओली होती. ती मोडू नयेत म्हणून मी लुगडं सावरलं आणि लांब ढांग टाकून आत चढले.