थोरली रुसली तेव्हा

गल्लीच्या कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे चिमटाबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडतही असे. डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा धरून त्या एकदा घड्याळात शिरल्या की समोरचं गिऱ्हाईक उभं आहे की निघून गेलं याची त्यांना शुद्ध नसे. बंद घड्याळ भराभर उघडून सगळे भाग टेबलावर मांडणाऱ्या कारागिरांचा त्यांना मनस्वी राग. त्यांचं म्हणणं, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग हात बांधून बघत बसावं. दोन गोष्टी बदलल्या आणि घड्याळ चालू झालं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. घरातला पंखा कुरकुरला तरी आज एक स्क्रू आवळला जाई, उद्या दुसरा. तोवर घरच्यांनी कुरकुर ऐकायची.

घरचे म्हणजे एकटे नवरोबा. आयुष्यभर शहराची बस चालवून ते निवृत्त झाले होते. क्लच दाबून दाबून गुडघे कामातून गेले होते, त्यामुळे दिवसभर बैठकीच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचं आणि गुडघ्यांना बाम चोळायचा, हा त्यांचा उद्योग. घराला बामाचा इतका वास होता की आता दोघांपैकी कुणालाच तो येत नसे.

आणि त्याच खोलीत बाईंचा जीव की प्राण होता. खाऱ्या पाण्याची, सोफ्याएवढी लांब काचेची टाकी. आत दगड, दगडांवर रंगीबेरंगी प्रवाळ, मोजके मासे आणि पाठीवर पांढरा पट्टा असलेली एक लाल कोळंबी. प्रवाळ म्हणजे झाड नव्हे, तो जिवंत प्राणी असतो, हे घरी आलेल्या प्रत्येकाला ऐकावंच लागे, मग तो गॅस दुरुस्त करायला आलेला का असेना. त्यातल्या सगळ्यात मोठ्या प्रवाळाचं नाव बाईंनी थोरली ठेवलं होतं. आणली तेव्हा ती अंगठ्याएवढी होती, वाढत वाढत फुलकोबीच्या गड्ड्याएवढी झाली. टाकीतला दिवा लागला की हिरव्या टोकांची तिची मऊ बोटं बाहेर येत आणि पाण्याबरोबर डुलत राहत. नवरोबा या सगळ्याला मिठागर म्हणत. "आज मिठागराचं उत्पन्न काय?" असं विचारल्याशिवाय त्यांचा संध्याकाळचा चहा घशाखाली उतरत नसे.

एका संध्याकाळी बाई दुकानातून आल्या तर थोरलीनं सगळी बोटं आत ओढून घेतलेली. नुसता ओबडधोबड दगड दिसत होता.

"अहो, थोरलीनं तोंड मिटलंय."

"रुसली असेल. काही बोललीस का तिला?"

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारचं छोटं प्रवाळ, म्हणजे धाकटीही आक्रसली. मग मात्र बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पाण्याचं तापमान पाहिलं, ते बरोबर होतं. खारटपणा मोजला, तोही बरोबर. नळ्यांमध्ये पाणी घेऊन रंगाचे थेंब टाकून पाहिले, एकही रंग वावगा निघाला नाही. दिवा थोडा मंद करून पाहिला. पंपाची दिशा बदलून पाहिली. आणि हे सगळं अर्थातच एकेक करून, प्रत्येक बदलानंतर हात बांधून वाट पाहत. तोवर थोरलीच्या एका कडेचं मांस गळून खालचं पांढरं हाड उघडं पडलं.

शेवटी त्यांनी ज्याच्याकडून सगळं विकत आणलं होतं त्या टाकीवाल्याला फोन लावला.

"बाई, एक सडायला लागलं की ते शेजाऱ्यांना घेऊन जातं," तो म्हणाला. "तुमच्या पाण्यात काहीतरी पडतंय. काय, ते मला इथून कसं कळणार? रविवारी येतो. आहे ते सगळं माझ्या दुकानात हलवू."

बाईंनी हात टेकले. जेवताना त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, "रविवारी तो सगळं घेऊन जाणार आहे. टाकी मोडायची. पुन्हा काही मांडणार नाही मी. एवढं वाढवायचं आणि डोळ्यांदेखत मरताना बघायचं, हे नाही व्हायचं माझ्याच्यानं."

आता मिठागरावर काहीतरी विनोद येणार, म्हणून त्या तयारीत होत्या. तो आलाच नाही.

"आणि कोळंबी?" नवरोबांनी विचारलं.

"तीही."

"तिला कशाला? ती ठणठणीत आहे की!"

बाईंचा घास हातातच राहिला. या माणसानं टाकीतल्या कुणाची कधी चौकशी केली नव्हती. कोळंबी आहे हे तरी यांना ठाऊक होतं का? पाणी कुठंतरी मुरतंय, हे त्यांच्या लक्षात आलं.

मग त्या डोकं शांत ठेवून टाकीसमोर बसल्या. टाकीखाली पाण्यातली घाण फेसाबरोबर काढून टाकणारं एक यंत्र असतं. अलीकडे संध्याकाळी पाहावं तर त्याचा फेस पार बसलेला असे, आणि सकाळपर्यंत पुन्हा थोडा चढे. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मात्र तो दिवसभर काठोकाठ होता आणि थोरलीनंसुद्धा दोन-तीन बोटं बाहेर काढून पाहिली होती. आता यंत्राला सुट्टीचा वार कसा कळावा?

फेस बसतो तो तेलकट काहीतरी पाण्यात गेलं की. बाई दिवसभर घरी असल्या की ते जात नाही. उरलं कोण?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि घर गाठलं. दार हळूच उघडलं. नवरोबा स्टुलावर बसलेले, पँट गुडघ्यांच्या वर दुमडलेली, शर्टाची बाही खांद्यापर्यंत आणि हात कोपरापर्यंत टाकीत.

"ये गं, ये," ते लाडीगोडीनं म्हणत होते. "परवापर्यंत धावत यायचीस, आता का भाव खातेस?"

"अहो!"

नवरोबा असे दचकले की अर्धी बादली पाणी जमिनीवर आलं. शेजारच्या टेबलावर बामाची डबी सताड उघडी होती.

"हा हात याआधी कुठं होता?" बाईंनी विचारलं.

"गुडघ्यावर. पण मी टॉवेलला पुसला होता!"

टॉवेलला! एवढ्या चाचण्या, एवढे रंग, एवढी जागरणं, आणि हा माणूस म्हणतोय टॉवेलला पुसला होता. बाईंनी रागानं डबीचं झाकण गच्च लावलं. तेवढ्यात खाली बघत नवरोबाच बोलू लागले.

"ती बोटांवर येऊन बसायची. नखं साफ करून द्यायची, बारीक बारीक पायांनी. गुदगुल्या व्हायच्या. हल्ली येईना, म्हणून मी जरा जास्त वेळ हात ठेवायला लागलो." मग म्हणाले, "बस चालवायचो तेव्हा दिवसभर माणसं अंगावर पडायची, वैताग यायचा. आता तू सकाळी जातेस ती दिवेलागणीला येतेस. आल्यावर टाकीत डोकं घालतेस. दिवसभर मला कुणाचा हात लागत नाही गं."

बाईंचा राग जिथल्या तिथं विरला. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याचबरोबर या म्हाताऱ्याची इतकी माया आली की काय करावं ते सुचेना. त्यांनी फडकं आणलं आणि आधी त्यांचा हात पुसला, जमीन नंतर.

"वेडेच आहात," त्या म्हणाल्या. "घासा तो हात साबणानं. आणि साबण पूर्ण धुऊन टाका, नाहीतर उरलेले त्यानं जातील."

मग दोघांनी मिळून कामाला सुरुवात केली. टाकीतलं बरंचसं पाणी उपसलं, नवं मिठाचं पाणी कालवून भरलं, गाळणीत तेलकटपणा शोषणाऱ्या कोळशाची पिशवी टाकली. दोन गोष्टी एकदम! बाईंच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. टाकीवाल्याला येऊ नका म्हणून कळवलं. बाम नवरोबांनी स्वतः कचऱ्यात टाकला आणि गुडघ्यांसाठी गरम पाण्याची पिशवी घेतली. तिच्या नावानं ते अजून खडे फोडतात, पण घेतात.

थोरलीची एक कड गेली ती गेलीच. बाकीची हळूहळू उमलली. आधी बिचकत एखादं बोट, मग झुपकाच्या झुपका. कोळंबीनंही जुनं गिऱ्हाईक ओळखलं.

बाईंनी तेव्हा एक नियम घालून दिला. पाण्यात हात घालण्याआधी रोज तपासणी. दुकानातून आल्या की त्या नवरोबांचा हात आपल्या हातात घेतात, उलटासुलटा करतात, बोटांच्या बेचक्यांत नाक घालून हुंगतात, एकेक नख अंगठ्यानं चाचपतात आणि मगच "जा" म्हणतात. त्यात चांगला वेळ जातो. हल्ली त्या दुकान जरा लवकरच बंद करतात.

बाम घरातून जाऊन आता बराच काळ लोटला. तपासायला काही उरलेलं नाही, आणि दोघांपैकी कुणीही ते बोलून दाखवत नाही. पाण्यात नवरोबांचा एकच हात जातो. तपासणीला मात्र ते दोन्ही पुढे करतात, आणि बाई दोन्ही हातात घेतात.