पेडँटिक कोणाला म्हणावं?

आमच्या रविवारच्या ग्रुपला इंग्रजी किती आलं देव जाणे, किस्से मात्र इतके साठलेत की सांगायला बसलं की चहा गार होतो. बाळकुमला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रिटायर्ड मास्तर पेंडसे सर आम्हा मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतात. पद्धत अशी, की सर एक शब्द देणार, आपण तो आठवडाभर खऱ्या माणसांवर वापरायचा आणि पुढच्या रविवारी काय झालं ते सांगायचं.

मंदाकाकू सोडून आम्ही सगळे हौशी. काकूंचा नातू कॅनडात, त्याला मराठी येत नाही. त्याच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून त्या येतात.

*

एकदा शब्द आला ‘पेडँटिक’. सर म्हणाले, बारीकसारीक गोष्टसुद्धा बरोबरच असली पाहिजे, असा अति आग्रह धरणारा. मी लगेच विचारलं, म्हणजे काटेकोर का?

“काटेकोर म्हटलं की माणूस खूश होतो,” सर म्हणाले. “हे म्हटलं की चिडतो.”

आता हे दोन शब्द नेमके वेगळे कुठे होतात, हेच डोक्यात घेऊन मी घरी गेलो.

*

माजिवड्याच्या एका ऑफिसात काम करणारा आमचा दीपक त्या रविवारी आलाच नव्हता. त्याने शब्द फोनवर माझ्याकडून घेतला, अर्थ पुरता ऐकायच्या आत फोन ठेवला, आणि सोमवारी साहेबांना कौतुकाने म्हणाला, “सर, यू आर व्हेरी पेडँटिक.” साहेबांनाही शब्द नवाच! ते इतके खूश झाले की मीटिंगमध्ये सांगून टाकलं, या ऑफिसात प्रत्येकाने माझ्यासारखं पेडँटिक व्हायला हवं. दीपकला खरा अर्थ कळला तो पुढच्या रविवारी.

*

मी प्रयोग बायकोवर केला. तिने वाळत घातलेला टॉवेल काठाला काठ जुळवून पुन्हा घालता घालता तिला सांगितलं, की अशा माणसाला इंग्रजीत खास शब्द आहे.

“असं होय,” ती चिमटे पुढे करत म्हणाली. “मी आपलं इतकी वर्षं तुमचं नाव घेऊनच काम चालवत होते.”

*

काकूंनी मात्र शब्द वापरलाच नाही. त्या वर्गात बोलायच्याच बंद झालेल्या. कारण आमचे सर. काकूंनी वाक्य सुरू केलं की सरांचं बोट वर, आणि चूक दुरुस्त होईस्तोवर काकू काय सांगत होत्या तेच विसरायच्या. पुढे पुढे घरीसुद्धा नातवाचा व्हिडिओ कॉल आला की नुसत्या हसायच्या आणि फोन काकांकडे द्यायच्या. शेवटी नातवाने बापाला विचारलं, आजीला बोलता येत नाही का? काकूंनी हे मला लिफ्टमध्ये सांगितलं. फार वाईट वाटलं हो. पण सरांना सांगणार कोण?

*

मग एका रविवारी वर्ग चालू असतानाच नातवाचा कॉल आला. काका गावाला गेलेले. काकू फोन कापायला निघाल्या, तर सरच म्हणाले, घ्या, घ्या.

“हॅलो बाळा, यू ईट? आजी मेक लाडू. यू कम, आय गिव्ह.”

सरांचं बोट वर! काकूंना ते दिसलं आणि त्या तिथेच अडकल्या. नातवाने फोनमधून इंग्रजीत विचारलं, आजी, तिथे कोण आहे?

काकूंनी एकदा सरांकडे बघितलं.

“माय टीचर,” त्या म्हणाल्या. “गुड मॅन. व्हेरी पेडँटिक.”

सरांनी बोट खाली घेतलं. चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. आत लाडवांवरून गप्पा सुरू झाल्या त्या थांबेनात. वर्गाची वेळ संपत आली तसा मी सरांना बोलवायला गेलो.

“थांबा जरा,” सर म्हणाले. “त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दे.”