पुढं कोणी नसताना

नव्या टीमचं काय होणार, हे आमच्या न्हावऱ्यात सगळ्यांना आधीच माहीत होतं. गिरणीवाल्याला, केस कापणाऱ्याला, एसटीची वाट बघत फाट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांना. "नव्याचे नऊ दिस," म्हणायचे. "पुन्यात कंपन्यांच्या टीमा येत्यात. तिथं ह्यांचं काय शिजायचं?" मला असा राग यायचा की विचारू नका. तुमच्या पदरचं काय जातंय? पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण खरं सांगायचं तर मलाही तीच धास्ती होती.

टीम म्हणजे आम्ही चार माणसं आणि दोन टू-स्ट्रोक मोटरसायकली. एक शर्यतीची, एक दुधाची. मालक आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. शर्यतीत गाडी पळवणार माझा धाकटा भाऊ, तेव्हा नुकता विशीत आलेला. मेकॅनिक चाचा. त्यांचं दौंडला गॅरेज, घराणं पिढ्यान्‌पिढ्या दौंडचंच. भाऊबंद सगळे रेल्वेत, हे एकटे पाना-पक्कडीत रमलेले. आणि चौथी मी. माझं काम पुढं पळायचं.

ते कसं, सांगते. आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळवतात. ती उधळते पुढं आणि तिच्यामागं बैल जिवाच्या आकांतानं सुटतात. आप्पांनी उभी हयात या शर्यतींच्या नादात घालवलेली. पोराला मोटरसायकल पळवायला शिकवायचं म्हटल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार? म्हणाले, "पुढं कायतरी पळाया पायजे. त्याबिगर मागचा जीव तोडत न्हाई." मी रोज गाडीला दुधाचे कॅन लावून डेअरीला जायचे, हात चांगला बसलेला. मग काय, कॅन उतरवले आणि मला सोडलं पुढं.

गावाबाहेरच्या माळावर चुन्याची फक्की टाकून आम्ही गोल वाट आखली होती. सकाळी दूध घालून आले की मी पुढं, तो मागं. वळणावर मागचं चाक घसरायचं, पाय टेकवून सावरायचं, की पुन्हा एक्सलेटर पिळायचा. घरी मला सतरा कामं आणि सतरा जणांची बोलणी. आई म्हणायची, "पोरगी सासरी जायाची हाय का फटफटीवरच राह्याची?" माळावर मात्र माझ्यापुढं कोणी नसायचं. ना माणूस, ना धुरळा. अख्ख्या दिवसात तेवढंच माझं होतं. हसू नका, पण तेवढ्यासाठी मी पहाटेची झोप मोडून आनंदानं उठायचे.

रविवारी चाचांच्या गॅरेजात केबलवर परदेशातली ग्रां प्री, म्हणजे मोटरसायकलींची मोठी शर्यत, लागायची. चाचा हातातलं काम ठेवून बघत बसायचे, आम्ही टायरांवर बसून बघायचो. त्यात दरसाल एखादी नवी टीम असायची. कोरे कपडे, चकचकीत गाड्या आणि नंबर शेवटून दुसरा. "नयी टीम है, मार तो खाएगी," चाचा म्हणायचे, आणि मग आमच्याकडं वळून, "पयल्या वर्षी मार खायाचा. दुसऱ्या वर्षी का खाल्ला त्ये समजून घ्यायचं. तिसऱ्या वर्षी बघू."

आप्पांना हे पटायचं नाही. त्यांच्या हिशेबात दुसरं वर्ष नव्हतंच. आपल्याकडंही तेव्हा मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती व्हायच्या, फलकावर ऐटीत 'ग्रां प्री' लिहिलेलं असायचं. त्या हंगामातल्या दोन शर्यती आमच्या आवाक्यातल्या होत्या, एक पुण्यात आणि नंतरची दौंडला. आप्पांनी सांगून टाकलं, "दोन्हीत मिळून एकदा तरी पयला नंबर आना. न्हाईतर शर्यतीची गाडी इकायची आन् माळावरचं खूळ बंद. हौस हाय, याड न्हाई." म्हणजे माझी सकाळही गेली, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुण्याला आमची गाडी पिकअपमध्ये आडवी घालून नेली, खाली उसाचं पाचट अंथरून. तिथं कंपन्यांचे तंबू, घडीच्या खुर्च्या, गाडीमागं माणूस आणि माणसामागं माणूस. आमचं पाचट बघून एकजण फिस्‌कन हसला. मी म्हटलं, हस बाबा, घोडामैदान जवळच आहे.

आणि खरंच, झेंडा पडला आणि भाऊ असा सुटला की बस्स! पहिल्या वळणातून बाहेर आला तो सगळ्यांच्या पुढं. चाचांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी पिचली. "गेला! गेला!" आप्पा नुसते ओरडत होते. पण दुसऱ्या चकरेत काहीतरी बिनसलं. समोर कोणी नाही, रस्ता मोकळा, आणि हा पठ्ठ्या डावीकडं बघतोय, उजवीकडं बघतोय, चक्क मागं वळून बघतोय. गाडीचा आवाज खाली आला. "गाडी बिगडली!" चाचा कपाळावर हात मारत म्हणाले. तेवढ्यात मागचा एक पोरगा त्याला मागं टाकून पुढं गेला, आणि कमाल म्हणजे तो पुढं जाताच भावाची गाडी पुन्हा कडाडून पळायला लागली. त्या पोराच्या मागं दाव्यानं बांधल्यासारखा तो शेवटपर्यंत पळला. नंबर दुसरा.

भोंग्यावरचा माणूस म्हणाला, न्हावऱ्याच्या या नव्या टीमचं भविष्य उज्ज्वल आहे. टाळ्या पडल्या. चाचांनी गाडी खोलून बघितली, तिला काहीही झालं नव्हतं. भाऊ मातीत बसून हेल्मेटशी चाळा करत होता. हळूच मला म्हणाला, "आक्का, पुढं मोकळं दिसलं आन् हातच चालंना. तू नव्हतीस. वळायचं कुठनं त्येच कळंना."

आप्पांनी ते ऐकलं. म्हणाले, "पोराची चूक न्हाई. आपुनच त्येला घोडीमागं पळाया शिकीवलं."

दौंडच्या शर्यतीला थोडेच आठवडे होते. तिथं पहिला नंबर नाही आला तर सगळं संपलं. चाचांनी उपाय सांगितला, अगदी जपून, माझ्याकडं न बघता. "बेटा, आता त्यो पुढं पळंल. तू मागं ऱ्हा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी न्हाई मागं जायची," म्हटलं. "त्याला पुढं पळता येत न्हाई तर मला येतं की. मीच पळते शर्यतीत!"

आप्पा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं, पण छान गंमत ऐकावी तसे ते मनापासून हसले. चाचांनाही हसू आलं. भाऊ मात्र हसला नाही. म्हणाला, "पळवा की तिला. माझ्यापेक्षा आक्काच फास्ट हाय, आप्पा, तुमाला म्हाईत न्हाई." आप्पा म्हणाले, "गप बस." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. भाकऱ्या थापताना परातीवर राग काढला. आणि मग माझं मलाच कळलं की इथं रुसून माझंच नुकसान आहे. तो हरला तर गाडी विकली जाणार आणि माझा माळ जाणार. तो जिंकला तर टीम राहील, आणि टीम राहिली तर कधीतरी मीही पुन्हा पुढं जाईन. अडला हरी, दुसरं काय! तिसऱ्या दिवशी गेले माळावर आणि त्याच्या मागं उभी राहिले.

मागचा धुरळा काय असतो ते तेव्हा कळलं. दातांत माती, डोळ्यांत माती. वर हा प्रत्येक वळणाला गाडी हळू करायचा आणि मी पुढं यायची वाट बघायचा. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझं पुढचं चाक सरळ त्याच्या मागच्या चाकाला नेऊन धडकवलं. "पुढं बघ, मेल्या! मागं काय ठेवलंय तुझं?" तो पडता पडता वाचला. मग रोज तेच. तो हळू झाला की मी धडक द्यायची आणि तोंडाला येईल ते बोलायचं. चाचा लांब उभे राहून कानावर हात ठेवायचे.

आणि एका सकाळी तो हळू झाला नाही. वळणावर आला, गाडी आडवी घातली आणि निघून गेला. माझ्या-त्याच्यात अंतर पडायला लागलं. मी एक्सलेटर पूर्ण पिळला होता, तरी अंतर वाढतच होतं. मला आनंद झाला, शपथ घेऊन सांगते, खूप झाला. आणि तरी पिळलेला एक्सलेटर मी सोडला नाही.

दौंडला तो पहिल्या वळणाला पुढं गेला तो शेवटपर्यंत पुढंच राहिला. एकदाही मान वळली नाही. आप्पांनी पोतंभर भंडारा उधळला, चाचांची पांढरी दाढी पिवळीधमक झाली, आणि ते दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मीही रडले. टीम वाचली होती. मी मनातल्या मनात पुढच्या सकाळी मोजायला सुरुवातही केली होती.

तेवढ्यात एका कंपनीच्या टीमचे साहेब आले. फार अदबीनं बोलले. मुलगा आमच्याकडं द्या म्हणाले, वर्षभर शर्यती, राहणं-खाणं-पगार सगळं आमचं. भाऊ आप्पांकडं बघायला लागला, आप्पा चाचांकडं. चाचांनी दाढीतला भंडारा झटकला आणि म्हणाले, "जाऊ द्या त्येला, आप्पा. गरीब टीमनं पोरगं तयार करायचं आन् मोठ्या टीमनं न्यायचं. असंच असतंय." अशी आमची नवी टीम त्या दिवशी जिंकली आणि त्याच दिवशी संपली. पळवायलाच कोणी उरलं नव्हतं. मी होते म्हणा, पण पुन्हा ते हसणं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

आजही टीव्हीवर ग्रां प्रीत नवी टीम उतरली की जाणकार इंजिनावर बोलतात, टायरांवर बोलतात, ही टीम कुठवर जाईल ते सांगतात. मी त्या चालवणाऱ्या पोराकडं बघते. याला शिकवताना कोण मागं राहिलं असेल, असं मनात येतं. ते काही कोणी टीव्हीवर सांगत नाही.

तेव्हा कंपनीकडं जायच्या दिवशी भाऊ मला माळावर घेऊन गेला होता. म्हणाला, "आक्का, आज तू पुढं." मला तेवढं बास होतं. निघाले. समोर धुरळा नाही, माणूस नाही, सगळा माळ माझा. पहिल्या वळणाला मी गाडी अशी घातली की आयुष्यात कधी घातली नव्हती. आणि मग मागून त्याच्या इंजिनाचा आवाज कानावर आला. तो पुरतं पिळत नव्हता. प्रत्येक सरळ वाटेवर तो थोडं सोडत होता, माझ्यापुढं येऊ नये म्हणून, माझं मन राखायला म्हणून.

मी आणखी एक चक्कर तशीच मारली. तेवढी मारावीशी वाटली. मग गाडी कडेला घेतली आणि त्याला हात केला, जा म्हणून. तो थांबायला लागला. मी ओरडले, "जा म्हटलं ना!"

तो गेला.